हुंकाराची बाजू

“हूं म्हणायला विसरू नको गं. मी थांबले की तू हूं म्हण. घाई नको नि उशीरही नको. तुझ्या हुंकारावर पाय ठेवून कहाणी पुढं जाते.”

सोनुबाईंचा हा आवाज सुंदराच्या कानात अजून तसाच होता, तुपात भिजलेल्या वातीसारखा मऊ. लग्न होऊन ती दहिवलीच्या या घरात आली, त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी सासूनं तिला उंबरठ्याच्या आत बसवलं. आपण बाहेर पडवीत बसली. मधे उंबरठा, उंबरठ्यावर दिवा. सुंदरा तेव्हा तेरा वर्षांची होती. आता तिला चोविसावं लागलं होतं, आणि बाहेरची जागा रिकामी होती.

उंबरठ्याचा वसा हा त्या एका घराचा. शुक्रवारी सकाळी उंबरठा धुवायचा, त्यावर हळदीची पाच बोटं उठवायची, तांदळाच्या पिठाची रेघ ओढायची, तुपाचा दिवा लावायचा आणि मग कहाणी सांगायची. कहाणी झाल्याशिवाय सांगणारीनं अन्नाला शिवायचं नाही. कहाणी जायची सासूकडून सुनेकडं. पण सासू हयात असेतो सुनेनं ती आपल्या तोंडानं सांगायची नाही, कारण एका छपराखाली दोन सांगणाऱ्या चालत नाहीत. सुनेनं नुसतं हूं म्हणायचं. हूं म्हणता म्हणता कहाणी आपसूक पोटात उतरते, असं सोनुबाई सांगत. त्यांच्याही ती तशीच उतरली होती.

भात निसवून पिवळं पडायला लागलं तेव्हा सोनुबाईंना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. जाण्याआधी सुंदराचा हात धरून एवढंच म्हणाल्या, “वसा चालव हां. गोदेला सहावा लागलाय.”

गोदा ही त्यांची धाकटी लेक, खालापुरात दिलेली. दोनदा बाळंतपणाला माहेरी आली आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातांनी परत गेली. एक मूल पाच दिवसांचं होऊन गेलं. दुसऱ्यानं तर डोळेही उघडले नाहीत. या तिसऱ्या वेळी सासरच्यांनी तिला पाठवलंच नाही. दहिवलीचं पाणी तिला सोसत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं. सोनुबाईंनी ते ऐकून घेतलं आणि शुक्रवारचा दिवा जरा जास्त वेळ तेवत ठेवायला लागल्या.

सुतक फिटल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी सुंदरा पडवीत, सासूच्या जागी बसली. आत तिचा नवरा कोंडाजी बसला, कारण घरात दुसरं कुणी उरलंच नव्हतं. कोंडाजी कर्जतच्या मराठी शाळेत मास्तर होता. दोन वर्षं पुण्याला राहून शिकवण्याचं शिक्षण घेऊन आला होता. डोक्याचं पागोटं काढून, पाय पोटाशी घेऊन तो हुंकार द्यायला तयार झाला. सुंदरानं हात जोडले, दिव्याकडं पाहिलं, तोंड उघडलं.

तोंडातून शब्दच आला नाही.

कुठं थांबायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. कुठं हूं आखूड, कुठं लांब, कुठं नुसता श्वास, तेही ठाऊक होतं. मधलं काहीच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं ती कहाणीच्या पायऱ्यांवर बसली होती आणि घर कधी बघितलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

“बोल की,” कोंडाजी म्हणाला.

“येतच नाय हो,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या शुक्रवारीही तेच झालं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक शुक्रवारी. शनिवारी सकाळी तुळशीला पाणी घालून, चुकीची क्षमा मागून ती भाकरीचा तुकडा मोडायची. उपासाचं तिला काही नव्हतं. भीती होती ती गोदेची. तिकडं गोदेचे दिवस भरत होते आणि इकडं वसा मुका झाला होता.

पौष लागला. शेतात भाताच्या जागी वाल उभे राहिले, पहाटेचं दव त्यांच्या फुलांत साचायला लागलं. एका सोमवारी डोंगरातल्या ठाकरवाडीची पारू पत्रावळींचा भारा घेऊन दारात आली. ती कर्जतला विकून उरलं ते खालापूरच्या बाजारी न्यायची, म्हणून दोन्हीकडचे निरोप तिच्या भाऱ्यासंगं फिरायचे.

“सुंदराबाय, गोदाबायनं बोलावनं धाडलंय,” भारा उतरवत ती म्हणाली. “म्हनली, आईची कहानी मी कदी ऐकली नाय. पोर होते तवा मला भायर खेळाया धाडायची. आता माझा सोताचा उंबरठा हाय. आई येनार व्हती सांगाया. आता वैनी येल का, इचार म्हनली.”

लेकीचं असंच होतं. लग्न होऊन ती स्वतःच्या उंबरठ्याला लागली की मगच तिनं ही कहाणी ऐकायची. कापणी झाली की सोनुबाई स्वतः खालापूरला जाणार होत्या.

“कशी हाय ती?” सुंदरानं विचारलं.

“पोट मोठं हाय, तोंड ल्हान झालंय.” पारूनं पदरानं मान पुसली. “कुनाशी बोलत नाय. दारातल्या दारात बसती.”

सुंदराकडं तेव्हा कहाणीचा एक शब्द नव्हता. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, “सांग तिला, शुक्रवारी येते म्हनावं. नक्की येते.”

पारू गेल्यावर ती आत आली. देवापुढं बसून म्हणाली, “मी काय बोलून गेले रं बाबा.”

संध्याकाळी कोंडाजी नदी उताराशी, उथळ पाण्यातून ओलांडून घरी आला, हातपाय धुतले आणि कोनाड्यातली वही काढून दिव्यापाशी बसला. ही वही म्हणजे त्याचा जीव. पुण्याला असताना त्यानं ती स्वतः शिवली होती. गोष्ट कशी वाचावी, मुलांना कशी समजावावी, तिच्या अंगांना काय काय नावं, ते सगळं तीत वळणदार अक्षरात उतरलं होतं. शाळा तपासायला साहेब यायचे होते, म्हणून तो रोज मोठ्यानं घोकायचा.

“स्थळ, काळ, पात्रे. संविधानक. पेच. कलाटणी. तात्पर्य.”

“संविधानक म्हंजे काय हो?” भाकरी थापता थापता सुंदरानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं विचारलं होतं.

कोंडाजी खूश झाला. “गोष्टीचा सांगाडा. आधी काय झालं, त्यातून पुढं काय झालं, त्याची जुळणी.”

“गोष्टीला हाडं असतात होय?”

“असतात तर! मांस दिसतं, हाडं आत असतात.”

भाकरी तिनं तव्यावर टाकली. मग हळूच म्हणाली, “माझ्यापाशी हाडं नायत. मांस बी नाय. नुसते सांधे हायत बघा.”

कोंडाजीनं वही मिटली. तो शाळेत जरा ऐटीत बोलायचा, पण मनाचा कोमल होता. आईची कहाणी त्यालाही ठाऊक नव्हती. लेकांना तर ती कधीच ऐकवत नसत. त्यानं तिच्याकडून पारूचा निरोप ऐकला, तिनं दिलेला शब्द ऐकला, आणि डोकं खाजवलं.

“शब्द देऊन बसलीस?”

“बसले.”

“मग असं करू. तू सांगू नको. तुला सांगायची सवयच नाय. तू आपली आत बस, नेहमीसारखी. मी बाहेर बसतो.”

“तुमी काय सांगणार?”

“काहीही. आवाज तेवढा येऊ दे. बघू तुझे सांधे कुठं वाजतात.”

आज शुक्रवार नाही, तेव्हा वशाला बाध येत नाही, असा तिनं मनाशी विचार केला, देवाला सांगितलं, आणि भाकऱ्या झाकून आत जाऊन बसली. कोंडाजी पडवीत मांडी घालून बसला आणि आईसारखं, पण शाळेच्या सवयीनं जरा मोठ्यानं, पुटपुटायला लागला. काय पुटपुटत होता? शाळेतल्या पोरांची हजेरी, नदीच्या घाटाच्या पायऱ्या, पाढे. सुंदरानं डोळे मिटले. दिव्याची ऊब पापण्यांवर आली. बाहेर वालाच्या शेतावर धुकं उतरत होतं, आणि तो आवाज धुक्यासारखाच, अर्थाशिवाय, तिच्या अंगावरून जात राहिला.

“हूं,” ती म्हणाली.

कोंडाजी थांबला. “हे कसलं? सपाट हूं आहे. काय दिसलं?”

आणि तिला खरंच दिसलं. “घर,” ती डोळे न उघडता म्हणाली. “नदीला लागून. पाण्यात घराची सावली पडलीय. सावलीच्या दारातनं मासे आत-बाहेर करतायत.”

कोंडाजीनं वही ओढली. “हे झालं स्थळ. पुढं.”

पुन्हा पुटपुटणं. पुन्हा हूं. हा वर चढलेला होता, प्रश्न विचारल्यासारखा.

“बाई हाय. डोक्यावर हंडा. पाठमोरीच दिसते. इतकी वर्षं पाठमोरीच दिसत आलीय.”

“पात्र,” कोंडाजी म्हणाला आणि लिहिलं.

असं दोन संध्याकाळी चाललं. अकरा वर्षं सुंदरानं कहाणीचे शब्द ऐकलेच नव्हते. सासूचा आवाज कानावर पडायचा आणि ती बघायची. प्रत्येक हुंकाराच्या मागं एक एक चित्र उभं होतं, आणि ती चित्रं कुणी हात न लावल्यासारखी तशीच होती. तिसरा हूं आखूड, दचकलेला. दाणे भरलेली गाडी दारात अडलीय, चाक उंबरठ्याला भिडलंय, घरधनी कुऱ्हाड घेऊन आलाय. त्यानं उंबरठा तोडला आणि चुलीत घातला. चौथा हूं लांब, खोल विहिरीत घागर सोडल्यासारखा. त्या घरात आता काही टिकत नाही. दूध भांड्यात टिकत नाही. दिवा वातीवर टिकत नाही. दिलेला शब्द जिभेवर टिकत नाही. पाळणा हलतोय, पण हलका हलतोय.

इथं सुंदरा रडली. कोंडाजीही थांबला. त्याच्या बहिणीचे दोन्ही पाळणे याच घरात बांधले होते.

“हा पेच,” थोड्या वेळानं तो म्हणाला, पण लिहिलं नाही.

“पण हे शब्द आत्याबाईंचे नायत,” सुंदरा म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. “माझे हायत. चालतील का देवाला?”

“सांगणारी बदलली तर गोष्ट बदलत नाय. याला निवेदक म्हणतात. आईच्या आधी आजीनं सांगितली असंल, तिचे शब्द का आईचे होते?”

हे तिला पटलं. मनावरचं ओझं निम्मं उतरलं. पुढं ती भराभर बघत गेली. ती बाई चुलीतली राख ओटीत घेऊन नदीकाठानं चालत निघाली. चालता चालता पायाखालची वाट पाण्याची झाली. पाण्याच्या कडेला एक म्हातारी आडवी पडलेली. “अगं बाई!” सुंदराच्या तोंडून आपसूक आलं, कारण त्या ठिकाणी ती नेहमी तेच म्हणायची. म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, मीच तुझा उंबरठा. मला पुन्हा दारात ने.

आणि मग पुढचा हुंकार. “बरं.” सुटकेचा. घर उभं, दारात उंबरठा, दूध भांड्यात, दिवा वातीवर, पाळणा जड.

“थांब थांब,” कोंडाजी म्हणाला. “मधे काहीतरी गेलं. म्हातारी म्हणाली मला ने, आणि लगेच सगळं बरं झालं? कलाटणी कुठं आहे? एवढं जाळलेलं लाकूड नुसतं ने म्हटल्यानं परत येतं होय?”

सुंदरानं डोळे मिटले. “अगं बाई” आणि “बरं” यांच्या मधे तिला काही दिसेना. हुंकारच नव्हता तिथं. तीन वेळा मागं जाऊन तिनं बघितलं. तिथं नुसता दिवा होता आणि दिव्यापलीकडं सासूचे डोळे.

“म्हातारीला दया आली, असं म्हणू,” कोंडाजी म्हणाला.

“दया यायची असती तर आधीच आली असती.”

“घरधनी पस्तावला असं म्हणू. त्यानं दंडवत घातला. वहीत असे पाच-सहा नमुने आहेत.”

“तुमचे नमुने ठेवा तुमच्या पोरांना,” ती म्हणाली, रागानं नाही, थकून. “फाटक्या लुगड्याला ठिगळ लावता येतं. वशाला कसं लावू?”

गुरुवार उजाडला तरी ती जागा रिकामीच होती. सुंदराच्या हातून दिवसभर काही धड होईना. उन्हं कलली तशी ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली. शेजारची बायजा कुडाच्या पलीकडून डोकावली. म्हातारी एकटी राहायची. तिला गावातलं सगळं ठाऊक असायचं आणि बोलताना ती कुणाची भीड ठेवायची नाही.

“काय गं, तुमच्याकडं दोन दिवस पोरांची हजेरी चाललीय दिवेलागणीला? मास्तरानं घरातच शाळा काढली का?”

सुंदराला हसू आलं. मग तिनं सगळं सांगितलं. बायजा ऐकता ऐकता कुडाला वळसा घालून आत आली आणि तिच्यासमोर शेंगा सोलायला बसली.

“आत्या, तुमी शुक्रवारी कुडाशीच असायच्या. तुमाला तरी काय ऐकू यायचं का?”

“तुझी सासू? ती काय बोलायची, पुटपुटायची. तिचं कायबी ऐकू येत नसं. पन तुझा आवाज, बाई, चांगला खणखणीत.” बायजानं शेंगेतला दाणा तोंडात टाकला. “हूं हूं करत बसायचीस नि मधेच एकदम द्यायला लागायचीस.”

“द्यायला?”

“द्यायला नाय तर काय! एकदा म्हनालीस, नाकातली नथ देईन. एकदा म्हनालीस, माझी झोप देईन. एकदा तर म्हनालीस, नवरा सोडून काय पन माग. मी हिकडं पदर तोंडात कोंबला हसू यायला लागलं म्हनून. मला वाटायचं, सासू हिला दर शुक्रवारी लुटतीय का काय.”

सुंदराच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बायजाचा आवाज उतरला. “नि गोदेचं दुसरं गेलं ना, त्या शुक्रवारी तू लई येळ गप होतीस. मला वाटलं उठून गेलीस. मग म्हनालीस, माझ्या वाट्याला यायचंय ते तिच्या वाट्याला दे.”

 कुडावर एक भारद्वाज येऊन बसला आणि उडून गेला.

आता ती जागा सुंदराला दिसली. तिथं चित्र नव्हतंच कधी. म्हातारी पाण्याच्या कडेला उठून बसायची, मला दारात ने म्हणायची, आणि विचारायची, मला नेताना काय देशील? तिथं सोनुबाई थांबायच्या. दिव्यावरून आत बघायच्या. “मग काय देशील गं?” असं अगदी हळू विचारायच्या. आणि सुंदरा त्या दिवशी मनात जे असेल ते सांगायची. कधी खेळकरपणे, कधी पोटातून. सोनुबाई तेच कहाणीत घालायच्या आणि पुढं जायच्या. दर शुक्रवारी वेगळं. म्हणून त्या जागी काहीच साचलं नव्हतं. इतर जागा पुन्हा पुन्हा घासून लख्ख झाल्या होत्या. ही एक दर आठवड्याला नवी व्हायची.

गोदेच्या त्या शुक्रवारी सासूनं लगेच पुढं सांगितलं नव्हतं. पदरानं उंबरठा पुसला होता, पुन्हा पुन्हा, जिथं काही सांडलेलं नव्हतं तिथं.

“रडू नको,” बायजा म्हणाली. “तुला मूल नाय म्हनून मी बोलले नाय तसं.”

“नाय हो आत्या. त्याचं नाय.” सुंदरानं डोळे पुसले. “दिलेलं मी परत मोजत नाय.”

दिवेलागणीला कोंडाजी आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो उभ्याउभ्याच ऐकत राहिला, ओल्या पायांनी. मग त्यानं वही काढली, कलाटणीचं पान उघडलं, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“कलाटणी गोष्टीत असते,” तो म्हणाला. “ऐकणाऱ्याच्या तोंडात असते, असं कुठं लिहिलेलं नाय. याला आमच्याकडं नावच नाय.”

“नसू दे.”

तो खाली बसला. त्याच्या ध्यानात आता दुसरीच गोष्ट आली होती. “म्हणजे उद्या गोदेला विचारायचं? काय देशील म्हणून? जिचं दोनदा गेलं तिलाच?”

हाच काटा सुंदरालाही टोचत होता. बायजा गेल्यापासून ती याच काट्याशी बसली होती. विचारू नये, आपणच तिच्या वतीनं सांगून टाकावं, नथ म्हणावं, झोप म्हणावं, असं एकदा मनात आलं. मग देवापुढं बसली आणि तिला दारातल्या दारात बसलेली गोदा दिसली. ती मात्र पाठमोरी नव्हती. आसपास माणसंच माणसं. कुणी सांगतंय हे खा, कुणी सांगतंय तिकडं बघू नको, कुणी सांगतंय तुला माहेरचं पाणी सोसत नाही. सगळे सांगणारे.

“तिला इतक्या वर्षांत सगळ्यांनी सांगितलंच हो,” ती कोंडाजीला म्हणाली. “विचारलं कुणीच नाय. आई गेली, तिचं पन विचारायचं राहून गेलं.”

“आणि ती काहीच बोलली नाय तर?”

“तर मी थांबेन. ती बोलेपर्यंत कहाणी तिथंच उभी राहील. मला घाई नाय.”

“तू उपाशी असशील.”

“असेन की.”

कोंडाजी उठला आणि त्यानं वही कोनाड्यात ठेवली. त्या संध्याकाळी ती पुन्हा उघडली नाही. गोदेला द्यायला त्यानं घरातली वालाची डाळ फडक्यात बांधली. गाठ सैल आली म्हणून सोडून पुन्हा बांधली. आई असती तर तिनं अजून काय दिलं असतं, याचा विचार करत तो जरा वेळ कोठीच्या खोलीत उभा राहिला, आणि मग गुळाचा एक खडा घेऊन आला.

शुक्रवारी तांबडं फुटताना सुंदरा उठली. अंघोळ करून तिनं घरचा उंबरठा धुतला, हळदीची पाच बोटं उठवली, पिठाची रेघ ओढली, दिवा लावला. कहाणी आज इथं व्हायची नव्हती. दिव्याला हात जोडून तिनं तेवढंच सांगितलं. मग केस विंचरले, कुंकू लावलं, डाळीचं गाठोडं काखेत घेतलं. सासूचं एक जुनं मऊ लुगडं तिनं घडी घालून वर ठेवलं होतं, बाळाला गुंडाळायला. ते घ्यावं की नको यावर ती जरा घुटमळली. मूल यायच्या आधी असं काही नेऊ नये असं म्हणतात. तिनं ते परत पेटीत ठेवलं.

कोंडाजी अंगणात उभा होता. “पाच कोस आहे. गाडी सांगू का येसाजीची?”

“चालत जाते. चालता चालता कहाणी एकदा मनात लावून घेते.”

“मी येऊ पोचवायला?”

“शाळा हाय तुमची. साहेब यायचे हायत.” तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “पारू उताराशी थांबणार हाय. ती हाय सोबत.”

“बरं. गोदेला म्हणावं…” तो अडखळला. पोरांना गोष्टीची अंगं शिकवणाऱ्या मास्तराला वाक्य पुरं करता येईना.

“सांगते,” ती म्हणाली.

ती पायवाटेला लागली. दोन्ही बाजूंना वाल दवानं वाकलेला होता आणि तिच्या लुगड्याचा काठ भिजत चालला होता. माथेरानचा डोंगर धुक्यात अजून पुरता उमटला नव्हता. खाली नदीवर पारू पत्रावळींचा भारा घेऊन उभी होती. सुंदराला येताना बघून तिनं भारा डोक्यावर चढवला.

“लवकर निघालीस, सुंदराबाय.”

“हूं,” सुंदरा म्हणाली. तिनं लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि दगडादगडांवरून पाय सांभाळत, पारूच्या मागं पाण्यात उतरली.